रफ कॉलीला पावसाळ्यात झिरो कट करावा का? (केस, गोचीड, कुबट वास)

मोगरा_वारजे

नमस्कार मंडळी. घरी रफ कॉली मादी आहे, जाई. वय १४ महिने, वजन २२ किलो, फेब्रुवारीअखेर पहिल्यांदा माजावर आली होती. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, दिवसातून दोनदा फिरणं.

गेले तीन आठवडे मुठी भरभरून केस निघतायत. रोज ब्रश मारतो, तरी कानामागे आणि मागच्या मांड्यांवर जटा झाल्या आहेत. पावसातून आली की दोन-दोन दिवस कुबट वास जात नाही. त्यात आता कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडायला लागले.

ग्रूमरचं म्हणणं, "एकदा झिरो मशीन मारून टाकू, केस गेले, वास गेला, गोचीडही दिसतील." त्यांच्याकडे एक जण गोचिडांचं इंजेक्शन द्यायला येतो, एका टोचणीत काम होतं म्हणे. शनिवारची वेळ घेतली आहे. दोन्ही करून घ्यावं का?

---

गोठा_ते_दवाखाना

इंजेक्शनचं आधी बोलू, केसांचं घाईचं नाही.

त्या माणसाला औषधाचं नाव विचारा. "गोचिडांचं इंजेक्शन" म्हणजे बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन, गुराढोरांसाठी मिळतं ते १ टक्क्याचं. कॉलीला ते द्यायचं नाही.

कॉलीच्या रक्तात एमडीआर१ नावाच्या जनुकाचा दोष मोठ्या प्रमाणात आहे. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार दहातल्या सातेक कॉलींमध्ये तो असतो, शेल्टीत (शेटलंड शीपडॉग) आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्येही आहे, बॉर्डर कॉलीत मात्र क्वचित. हे जनुक मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप तयार करतं. औषध आत शिरायला लागलं की तो पंप ते परत रक्तात ढकलतो. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर पंपच बसत नाही आणि औषध मेंदूत साचत जातं. या त्रासाचं मूळ २००१ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सापडलं, पण इंग्रजी मुलखातले पशुवैद्य त्याच्या आधीपासून म्हणत आले आहेत की पांढऱ्या पायांच्या कुत्र्याला हे औषध नको.

हिशोब करून बघा. १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. अर्धा मिली टोचलं तर जाईच्या अंगात किलोमागे सव्वादोनशे मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. दोष असलेल्या कॉलीत शंभराच्या आसपासच लक्षणं सुरू होतात. बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, झोकांड्या जातात, भिंतीला धडकते, पुढे थरथर आणि बेशुद्धी. याला उतारा नाही. सलाईन, श्वासाला आधार, आणि कित्येक दिवस नुसती वाट बघायची. हृदयातल्या जंतांसाठी महिन्याला जी गोळी देतात तिच्यात किलोमागे फक्त ६ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, तेवढं कॉलीलाही चालतं. म्हणून "आमच्या कॉलीला दिलं होतं, काही झालं नाही" असं कोणी म्हणालं तर किती दिलं होतं ते आधी विचारा.

याच यादीत आणखी दोन औषधं लक्षात ठेवा. जुलाबावर घरात ठेवतो ती लोपेरामाइड, आणि ग्रूमिंगच्या वेळी शांत राहावी म्हणून देतात ती एसप्रोमझिन. दुसरी डॉक्टर कमी मात्रेत देऊ शकतात, पण ती ग्रूमरच्या हातची गोष्ट नव्हे. दोष आहे की नाही हे गालाच्या आतल्या कापसाच्या नमुन्यावरून किंवा रक्तावरून कळतं. तपासणी होईपर्यंत "आहे" असंच धरून चाला आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

गावी नेलीत तर एक जास्तीची काळजी. नुकतंच जंताचं औषध दिलेल्या गुरांच्या, मेंढ्यांच्या किंवा घोड्यांच्या शेणा-लेंड्यांतून आयव्हरमेक्टिन बाहेर पडतं. कुत्री शेण खातात हे सांगायला नको.

आता गोचिडांसाठी काय. फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनर यांपैकी एक गोळी. फ्लुरालेनर एमडीआर१ दोष असलेल्या कॉलींवर नेहमीच्या तिप्पट मात्रेत देऊन तपासलेलं आहे. २० ते ४० किलोच्या गटाची १००० मिलिग्रॅमची गोळी, भरल्या पोटी, साधारण १२ आठवडे पुरते. अफॉक्सोलेनर दर महिन्याला, जाईच्या वजनाला ६८ मिलिग्रॅमची. पूर्वी कधी फिट आली असेल तर दोन्हींबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. या गोळ्या गोचीड चावल्यावरच काम करतात, त्यामुळे पहिले काही दिवस अंगावर मेलेले, सुकलेले गोचीड सापडतील. गोळी लागू पडली नाही असं समजू नका.

अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे घरात असतात. शहरात सापडणारा तपकिरी गोचीड एका वेळी हजारांनी अंडी घालतो आणि ती कुत्र्यावर न घालता भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, बाल्कनीच्या कोपऱ्यात घालतो. फटी पुट्टीने बुजवा. जाईचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. फवारणीसाठी १२.५ टक्के अमिट्राझ मिळतं. घरात मांजर किंवा मधुमेही माणूस असेल तर ते वापरू नका. वापरलंत तर फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रीला लांब ठेवा.

हाताने काढताना बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, काडेपेटी नको, रॉकेल नको, नखांत चिरडायचा तर अजिबात नाही. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका.

आणि खाणं सोडलं, हिरड्या पांढरट दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीसारखी झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट आणि स्मिअरसकट (काचेवर रक्त पसरून बघतात ती तपासणी). एर्लिकिया, म्हणजे गोचिडांतून होणारा रक्ताचा आजार, निघाला तर डॉक्सिसायक्लिन सहसा पूर्ण २८ दिवस चालतं. आठव्या दिवशी टुणटुणीत झाली म्हणून बंद करू नका. तापावर घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका.

---

फणी_आणि_पाणी

वरच्यांनी इंजेक्शन थांबवलं, मी मशीन थांबवते.

कॉलीचे केस दोन थरांचे असतात. वरचे लांब, खरखरीत, पाणी झटकणारे, आणि आतली दाट मऊ लव. आत्ता जी मुठी भरून निघतेय ती लव. माजावर आल्यानंतर तीन-चार महिन्यांनी मादी कॉली अशीच झडते. तुमची फेब्रुवारीअखेर आली, हिशोब बरोबर बसतो. हा आजार नाही. नुसते झडणारे केस आणि चकत्या यांत फरक आहे. कातडी दिसेल असे गोल पट्टे पडले, लाली-खाज असली, किंवा दोन्ही बाजूंना सारखं टक्कल पडायला लागलं तरच डॉक्टर.

झिरो मारलंत तर दोन्ही थर जातील. लव लवकर येते, वरचे केस वर्ष-दीड वर्ष घेतात, काहींचे ठिगळं लावल्यासारखे येतात. मधल्या काळात अंगावर फक्त लव, म्हणजे पाऊस थेट कातडीवर आणि आत्तापेक्षा जास्त जटा. शिवाय कॉलीची कातडी गोरी, ऊन लागलं तर भाजते. उन्हाळ्यात कापलं तर बरं वाटेल हेही अर्धवट खरं. कोंडलेली मेलेली लव काढली की वारा कातडीपर्यंत पोहोचतो, तेवढं पुरतं.

म्हणजे करायचं काय, तर लव बाहेर काढायची. रोज ब्रश मारूनही जटा होतात याचं कारण ब्रश वरवरून फिरतो. केस वरून रेशमासारखे दिसतात आणि कातडीलगत वाकळ जमत जाते. खात्री करायची असेल तर स्टीलची फणी कातडीला टेकवून बाहेर ओढून बघा. अडकली, की तिथे ब्रश पोहोचलेलाच नाही.

सामान फार लागत नाही. लांब धातूच्या दातांचा पिन ब्रश, दातांच्या टोकांना प्लास्टिकचे मणी नसलेला (मणी केस तोडतात). अर्धी विरळ, अर्धी दाट अशी स्टीलची फणी. आत्ता झडतेय तेवढ्यापुरता अंडरकोट रेक (आतली लव ओढून काढणारी दातेरी फणी). पाण्याचा स्प्रे. पातं असलेलं डीशेडिंग यंत्र घेऊ नका, ते लवेसोबत वरचे केसही कापतं आणि ते आपल्याला दोन महिन्यांनी कळतं.

कोरड्या केसांवर ब्रश कधीच नको. एक लिटर पाण्यात चमचाभर कंडिशनर घालून स्प्रे भरा. जाईला कुशीवर आडवी पाडा. सुरुवात खालून, पोटाच्या कडेपासून. डाव्या हाताच्या पंजाने सगळे केस वर दाबून धरा, खाली एक ओळ मोकळी सोडा, भांग पाडल्यासारखी, की कातडीची गुलाबी रेघ दिसली पाहिजे. त्या ओळीवर हलका फवारा, कातडीपासून बाहेर दोन-तीन फटके, मग पंजा बोटभर वर सरकवून पुढची ओळ. अशा ओळी चढवत पाठीच्या कण्यापर्यंत. मग दुसरी कूस, मग मानेची झालर, शेवटी मांड्या. पहिल्यांदा दोन तास लागतील, दोन दिवसांत वाटून घ्या. एकदा सगळं मोकळं झालं की आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरतो. ओळ काढताना गोचीडही दिसतात, म्हणजे ग्रूमरचा तिसरा मुद्दाही निकालात निघाला.

कानामागच्या आणि मांड्यांवरच्या जटा आंघोळीच्या आधी सोडवा. पाणी लागलं की त्या आवळून नमद्यासारख्या घट्ट होतात. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी दोन-चार फाके करा, मग फणीच्या शेवटच्या दातांनी टोकाकडून आत. मुळाकडून ओढलंत तर ती पुढच्या वेळी फणी बघूनच पलंगाखाली जाईल. अगदीच सुटेना तर कातडी आणि जट यांच्यामधे फणी सरकवा आणि कात्री फणीच्या वरून, केसांच्या लांबीच्या दिशेने चालवा. कानामागची कातडी जटेबरोबर वर ओढली जाते. फणी मधे नसेल तर टाके पडतात.

पुढच्या पायांच्या काखा आणि पट्ट्याखालची जागाही बघा. हार्नेस घरात काढून ठेवत असाल ना?

---

मोगरा_वारजे

दोन्ही गोष्टी रद्द केल्या. नाव विचारलं, आयव्हरमेक्टिनच होतं.

आज ओळी काढत डाव्या मांडीपर्यंत गेलो. मोठ्या जटेखाली रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा लाल, ओला चट्टा आहे, केस त्याला चिकटलेत, हात लावला की कळवळते. आईने हळद-खोबरेल लावायचं म्हटलंय. लावू का?

---

गोठा_ते_दवाखाना

आईंना नमस्कार सांगा, पण तेल नको. हा हॉट स्पॉट आहे. जटेखाली ओल कोंडली, कातडी चिघळली, मग ती चाटून वाढवते. तेलाने ओल आत बंद होते आणि हळदीमुळे चट्टा पसरतोय की नाही ते दिसत नाही. डेटॉलसारखं काही लावू नका.

चट्ट्याभोवतीचे केस निरोगी कातडी दिसेपर्यंत, कडेने साधारण दोन सेंटीमीटर, ट्रिमरने काढा. मशीन चालवायची ती एवढीच. मग नुसतं क्लोरहेक्सिडिन, २ टक्क्यांचं असेल तर ५ मिली, २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात घालून गॉजने दिवसातून दोन-तीनदा पुसा. सेट्रिमाइड मिसळलेलं घरगुती अँटिसेप्टिक याच्या जागी चालत नाही. पुसून झाल्यावर उघडं ठेवा, पट्टी बांधू नका, आणि गळ्यात कोन चढवा. कोन नसेल तर बाकी सगळं वाया, एका रात्रीत चाटून तळहाताएवढं करेल.

पेनने कडेवर खूण करा. उद्या खुणेबाहेर गेलं, पू आला किंवा ताप आला (गुदद्वारात थर्मामीटर, ३८ ते ३९.२ सेल्सिअस नेहमीचं) तर गोळ्या लागतील. हात लावू देत नसेल तर आजच दाखवा, दुखणाऱ्या जागी ट्रिमर चालवताना शहाणी कुत्रीही चावते.

---

सावंतवाडीचा_पाऊस

आमच्याकडे चार महिने हवाच ओली, त्यामुळे वासाबद्दल बोलतो. तो वास पावसाचा नाही, न वाळलेल्या लवेचा आहे. टॉवेलने पुसल्यावर वरचे केस वाळतात, आतली लव रात्रभर ओली राहते.

फिरून आल्यावर टॉवेल घासू नका, घासल्याने गुंता होतो. दाबून पाणी टिपा. मग ब्लोअर, पण माणसांचा हेअर ड्रायर नव्हे. त्यात उष्णता जास्त आणि वारा कमी. कुत्र्यांचा ब्लोअर बिनगरम हवेवर, वीतभर अंतरावरून, केस फाकून कातडी दिसेल असा धरा. पाय आणि पोट भिजलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं, पूर्ण आंघोळीनंतर तासभर सहज. वाळली की नाही ते बोटांची टोकं मुळाशी घालून बघायचं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

आंघोळ पावसाळ्यात महिना-दीड महिन्याने एकदा पुरे. शाम्पू मगमध्ये दहापट पाण्यात पातळ करून ओता, थेट अंगावर ओतला तर एका जागी बसतो आणि निघत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा. धुवायला शाम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. वाळवूनही वास राहिला, कातडी तेलकट, काखा-जांघा तपकिरी दिसल्या तर ते यीस्ट, म्हणजे कातडीवरची बुरशी. त्याला २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, तीन आठवडे. उघड्या चट्ट्यावर आत्ता नको, तो भरू दे.

फणी_आणि_पाणी यांच्याशी एका बाबतीत मतभेद. मशीन अजिबात नको हे पटत नाही. पोटाचा खालचा भाग, जांघा आणि शेपटीखालची जागा मी बिनधास्त कमी करायला सांगेन. वरून दिसत नाही, चिखल धरत नाही, आणि गार फरशीवर पसरली की पोट फरशीला टेकतं.

आणि साचलेल्या पाण्यातून चालवू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा आजार) लस वर्षाला लागते, पुस्तकात शेवटची तारीख बघून घ्या.

---

फणी_आणि_पाणी

पोटाचं मान्य. फक्त कडेची झालर सोडा, तिथून पाणी निथळतं. आणि ब्लेड १० नंबरपेक्षा बारीक नको, बारीक ब्लेडने जांघेत पुरळ येतं.

एक राहिलं होतं. खायला काय देता? दूध-पोळीवर असेल तर हे सगळं करूनही केस निस्तेजच राहतील, कारण केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. माशाचं तेल द्यायचं तर डब्यावरचा मोठा आकडा बघू नका. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए (कामाचं ओमेगा-३) मिळून बहुधा ३०० च असतं. जाईच्या वजनाला तशा तीन लागतील. एकीपासून सुरुवात, दर आठवड्याला एक वाढवा, नाहीतर शी पातळ होते आणि मांडीवरच्या केसांत लागते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे. आणि वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, कॉली केसांमुळे नेहमीच भरलेली दिसते. बरगड्यांवर हात फिरवा, दाब न देता मोजता आल्या पाहिजेत.

---

मोगरा_वारजे

सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन-भात. पोळी बंद करतो. दुसऱ्या दिवशी चट्टा खुणेच्या आतच आहे, सुकतोय. तेल आठवड्याने सुरू करेन.

पंजे बघताना बोटांमधे केसांचे गोळे सापडले, टाइल्सवर घसरायची ते त्यामुळेच असेल. ते कापायचे की सोडवायचे?

---

फणी_आणि_पाणी

कापायचे. गाद्यांच्या पातळीपर्यंतच, बोटांच्या आत कात्री घालू नका, तिथली कातडी पडद्यासारखी पातळ असते. बोथट टोकाची छोटी कात्री घ्या. पंजा उलटा धरा, केस फणीने बाहेर काढा, गादीच्या वर येतील तेवढेच छाटा. दर तीन आठवड्यांनी नखांबरोबर. नखं टाइल्सवर टकटक वाजायला लागली की वेळ झाली समजायचं. पुढच्या पायांना आतून वर एक जास्तीचं नख असतं ते विसरू नका, जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि केसांत लपून गोल वळत मांसात शिरतं.